गिधाडगडाचा पहिला मान

गिधाडगडावर त्या दिवशी धुक्यातच उजाडलं. कड्यावरची गिधाडं पंख अंगाशी आवळून खाली दरीतल्या रानाकडे टक लावून बसली होती, आणि ती एवढं मन लावून काय बघतात हे जरा वाकून पाहावं असं एकाही पहारेकऱ्याला वाटलं नाही. कारण आज गडदेवीचा उत्सव, गाण्या-वाजवण्याची चढाओढ, आणि पहारेकरी झाडून सगळे पुढची जागा धरायला सदरेवर पळालेले.

रिवाज असा, की आलेल्या ताफ्यांचं ऐकून परीक्षक विसोपंत गुण्यांनी क्रम लावायचा. पहिल्याला किल्लेदार हैबतरावांच्या हातून सोन्याचा तोडा मिळायचा आणि दिवेलागणीला महादरवाजावरच्या नगारखान्यात चौघडा वाजवायचा मान. चौघडा सरेपर्यंत दरवाजा उघडा ठेवायचा, कारण सूर देवीचे, ते अडवायचे कसे? ज्याने हा रिवाज पाडला त्याला गाणं चांगलं कळत असावं. किल्ला नसावा.

विसोपंत तसे भित्रे. मांजराला भ्यायचे, विजेला भ्यायचे, बायकोपुढे तर घसाच बसायचा. पण क्रम लावताना त्यांनी सख्ख्या जावयाला पाचव्या जागी टाकलं होतं, आणि लेक तेव्हापासून माहेरी आली नव्हती.

पंत अंगरख्याचे बंद बांधत होते, तेवढ्यात कारभारी अंताजी आत आले. मागे दोन धटिंगण.

"पंत, यंदा पहिला मान वरघाटच्या ताफ्याचा."

"ऐकल्याशिवाय?"

"ऐकून कशाला जिवाला त्रास?" अंताजी हसले. "ते दिवेलागणीला नगारखान्यात बसतील. खाली रानात दळव्यांची माणसं गड घ्यायला दबा धरून आहेत. चौघडा ऐकला की ती वर येतील, आणि दरवाजा तर उघडाच. तुम्ही फक्त क्रम लावायचा. मागे आपले फडणीस कड्यावरून घसरले, आठवतं?"

"हो. वाईट झालं."

"ते घसरले नव्हते."

पंतांनी उरलेला बंद बांधला. किल्लेदाराला सांगावं, तर तोफेच्या धडाक्याने हैबतरावांचे कान गेलेले. त्यांच्या कानात गुपित सांगायचं म्हणजे अख्ख्या गडाला ओरडून सांगायचं. शिवाय ते दोन धटिंगण सावलीसारखे चिकटलेले. सदरेवर पोचेपर्यंत पंतांनी मनाची समजूतही घातली. गड दळव्यांचा झाला म्हणून काय झालं? त्यांनाही परीक्षक लागेलच.

मग वाजवणं सुरू झालं. म्हातारा लखमा गुरव सनई घेऊन बसला, आणि त्याने पहिलाच सूर असा लावला की सदरेवरची कुजबुज आपोआप विझली. पंतांनी डोळे मिटले. क्षणभर त्यांना फडणीस, दळवी, कडा, सगळ्यांचा विसर पडला.

त्यानंतर वरघाटचा ताफा. सगळे आडदांड, मिशा कानाला टेकलेल्या. त्यातल्या म्होरक्याने सनई लाठीसारखी धरली. नगारेवाला चोराला बडवावं तसा नगारा बडवू लागला, आणि सनईतून कुंपणात अडकलेल्या रेडकाचा आवाज निघाला. देवीला सोडलेला बोकड दावं तोडून पळाला.

"वा!" हैबतराव खूश होऊन म्हणाले. "एवढं एकच मला नीट ऐकू आलं."

पंत निकाल सांगायला उठले. फितुरी त्यांनी सकाळीच गिळली होती, पण हे रेडकू पहिलं, हे काही गळ्याखाली उतरेना. उठता उठता त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी गोंदजी हवालदाराच्या तलवारीकडे डोळे वटारून पाहिलं.

"वरघाटकर! गोंदजी, यांना तोडा!"

"आणलाच की जी," म्हणत गोंदजी तबक घेऊन पुढे झाला.

"तो नव्हे रे! तोडा!"

"पंत, एकच हाय. दुसरा कुठनं आणू?"

"अरे बाबा, तोडा म्हणजे तोडा!"

हैबतरावांनी कानाशी हात नेला. "काय म्हणतात?"

"तोडा म्हणतात, सरकार."

"मग द्या की! रडायचं काय त्यात?"

सदर हसली. अंताजी हसले नाहीत. त्यांचा हात शेल्याखालच्या कट्यारीकडे गेला, आणि आपली युक्ती संपली हे पंतांना कळलं. आता पळायला वाट होती. गप्प बसायलाही होती. पंत मात्र दोन पावलं पुढे झाले आणि बायकोपुढे जन्मात न निघालेला आवाज त्या दिवशी निघाला.

"हे बेसूर आहेत! पहिला लखमा गुरव! आणि हे दळव्यांचे शिपाई आहेत, सरकार, अंताजी फितूर आहे! तलवारीनं तोडा यांना!"

गुन्ह्यांचा क्रमही त्यांनी असा लावला. हैबतरावांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं. अंताजींची कट्यार पंतांच्या खांद्यात घुसली. वरघाटकरांनी नगाऱ्याचं कातडं फाडून आत लपवलेल्या तलवारी ओढायला घेतल्या, तर त्या एकमेकींत अडकून बसलेल्या. गोंदजीला एव्हाना शब्दाचा अर्थ लागला होता.

सदर धुऊन झाली. अंताजी त्याच दुपारी कड्यावरून घसरले.

"आता दरवाजा लावायचा ना, सरकार?" गोंदजीने विचारलं.

"का? रिवाज आहे. चौघडा होईपर्यंत उघडा." हैबतराव शांतपणे म्हणाले, आणि तोफा वळवून वाटेवर रोखायला लावल्या.

दिवेलागणीला लखमा नगारखान्यात बसला. खांदा बांधलेले पंत शेजारी. पहिला सूर निघाला आणि खालच्या रानातून माणसं बाहेर पडली. पोरसवदा, उघड्या दरवाजाकडे बघून एकमेकांना ढोसत, हसत चढणारी. लखमाने सनई ओठांवरून काढली.

"पंत, मी थांबलो तर ती माघारी जातील?"

"जातील."

"मग?"

"मग पुन्हा येतील. कधीतरी, आपण झोपेत असताना."

लखमाने सनई पुन्हा उचलली. "वाजवू?"

पंतांनी वाटेकडे पाहिलं नाही. "वाजव."

लखमा वाजवत राहिला. तोफा सुटल्या तेव्हाही त्याचा सूर हलला नाही.

पुढे विसोपंत पुष्कळ जगले. सगळ्यांत उत्तम वाजवणं कोणतं ऐकलंत, असं कोणी विचारलं की ते दुसऱ्या क्रमांकापासून सांगायला सुरुवात करत.