मुठीतली पोकळी

माझी झोप उडवली ती एका साध्या शंकेने: बाळ उजवा हात हलवत नाही, की मलाच तसं वाटतंय? पहिल्या लेकीच्या वेळी मी तिच्या उचकीलाही दमा समजून दवाखाना गाठला होता. त्यामुळे घरात माझ्या शंकांना फारशी किंमत उरली नव्हती.

"डावखुरा असेल," नवरा म्हणाला आणि कूस बदलून घोरू लागला.

पण दार आपटलं की बाळ दचकायचं आणि डावाच हात वर उडायचा. उजवा अंगाला चिकटून, सरळ, तळवा मागे वळलेला. दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचा खांदा चाचपला, एक्स-रे पाहिला. हाड शाबूत होतं. "जन्मताना खांदा अडकला होता ना? मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात. बहुतेक मुलं बरी होतात. झबलं घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. काखेत धरून उचलायचं नाही. रोज सांधे हलकेच फिरवायचे, मी दाखवते तसे. तीन महिन्यांत कोपर आपणहून वाकलं नाही, तर मात्र ऑपरेशनचा विचार करावा लागेल."

'आपणहून' हा शब्द मी घरी घेऊन आले. बाळाचा हात फिरवताना मी अर्ध्यावरच थांबायचे. फार ओढला तर, कमी फिरवला तर...

एका दुपारी दुपटी वाळत घालून खोलीत आले. पडदे ओढलेले, पंख्याची करकर. तेलाच्या वासात आणखी एक वास होता. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोलीत यायचा तसा, जंतुनाशकाचा.

बाळ गाढ झोपलं होतं आणि त्याचा उजवा हात सरळ वर, छताकडे.

आनंदाने ओरडणारच होते. मग नीट पाहिलं. खांदा सैल, कोपर सैल. हात उचललेला नव्हता, धरलेला होता. मूठ मिटली होती, पण पुरती नाही. मधे बोटाएवढी पोकळी. मी तिच्यात माझी करंगळी घालून पाहिली.

जागा नव्हती.

मग हात सावकाश खाली आला, बाजूला गेला, पुन्हा वर. मला शिकवलेल्या क्रमानेच. माझ्यापेक्षा नीट.

"आई, हळू..." दारातून आमची थोरली, ठकी, कुजबुजली. चार वर्षांची आहे. "ती मोजतेय."

"कोण ती?"

ठकीने नुसतं पाळण्याकडे पाहिलं, आपण पाहुण्यांकडे पाहतो तसं.

कुणीही शहाणी आई बाळाला उचलून घराबाहेर पळाली असती. मी शिकलेली, मी विचार केला. ऑपरेशन... एवढ्याशा मानेवर सुरी... आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार लोटून बाहेर बसू लागले. तिला तिचं काम करू द्यावं म्हणून.

मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी, माझ्या मांडीवर, खिडकीच्या लख्ख उजेडात बाळाचं कोपर वाकलं. मूठ थेट तोंडात गेली. घट्ट मिटलेली, आत कुणाचंच बोट नसलेली.

"शाबास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेहनत घेतलीत हं."

मी हसले. बाळाला झबलं घातलं, सवयीने आधी उजवा हात.

घरी आल्यावर ठकीला हाक मारत खोलीत गेले. "ठके, बाळ आता आपणहून हात हलवतं. तिला सांग, पुरे झालं."

ठकी भिंतीपाशी उभी होती. उजवा हात डोक्याच्या वर, ताणलेला. टाचा जमिनीवरून उचललेल्या. आणि खोलीत तो वास.

"सांगितलं मी," ती हळूच म्हणाली. "ती म्हणते, 'मला कामाला तुझ्या आईने ठेवलंय... तू नाही.'"