सेफ्टी म्हणून थोडं जादा

"एकट्याला नाही मिळायचं," खानावळीच्या मावशी टेबल पुसता पुसता म्हणाल्या. "आमच्याकडे माशाचा रस्सा दोघांपासून पुढे."

"मग दोघांचा द्या. मी एकटी खाईन."

"आणि अर्धा टाकून जाशील. नको गं बाई, मला बघवत नाही."

बाहेर भुरभुर चालू होती. ह्येरान छत्तीस वर्षांची होती, चांगवॉनमधल्या एका मोठ्या व्हॉल्व्ह कारखान्यात डिझाइन बघायची, हाताखालची सहा माणसं तिला टरकून असायची. पण एकटी बाई जेवायला आली की ती अर्धंच गिऱ्हाईक, हे या शहरातल्या प्रत्येक मावशीने तिला कधी ना कधी ऐकवलं होतं. तिने मुकाट्याने छत्री उचलली.

"थांब की!" मावशींची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. "ओ साहेब, तुम्हालाही मघाशी नाहीच म्हटलं ना मी? या इकडे. दोघं मिळून बसा, मिटली कटकट."

कोपऱ्यातला माणूस उठला. चाळिशीचा असेल. उंच, जरा वाकलेला, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. तो समोर येऊन बसला आणि दोघंही आपापल्या चमच्याकडे बघत राहिले.

"तिखट चालतं तुम्हाला?" त्याने शेवटी विचारलं.

"चालतं. नाक गळतं फक्त."

"मग ओळख नाही ते बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर नाक पुसायला लाज वाटते."

ह्येरानला हसू आलं. आठवडाभरात हे पहिलंच, हे तिच्या लक्षात आलं आणि जरा वाईटही वाटलं. रस्सा आला. तो मोड आलेले सोयाबीन स्वतःकडे ओढत होता आणि माशाचे तुकडे हळूच तिच्या बाजूला सरकवत होता. तिने पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

जेवण झालं, "बरंय" म्हणून झालं. दोघं बाहेर पडले आणि दोघंही उजवीकडे वळले. मग कॉलेजचं गेट. मग इंजिनीअरिंगची इमारत. मग दुसऱ्या मजल्याचा जिना.

"तुम्ही माझा पाठलाग करताय?" ह्येरानने विचारलं.

"पुढे मी आहे, मॅडम."

प्रयोगशाळेच्या दारात सुल्गी उभी होती, शेवटच्या वर्षाच्या मुलांची म्होरकी. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अय्या! मॅडम, सर, दोघंही आज?"

घोटाळा असा होता. कारखान्यांतल्या माणसांनी शनिवारी दोन तास येऊन मुलांच्या प्रोजेक्टला हातभार लावायचा, मोबदला काही नाही, असा कॉलेजचा उपक्रम होता. प्रत्येक गटाला दोन मार्गदर्शक: एक कागदावरच्या कामाला, एक वर्कशॉपला. एका शनिवारी हा, पुढच्या शनिवारी ती. चुसॉकच्या सणाच्या सुट्टीत एक शनिवार बुडाला होता. तो मोजायचा की सोडायचा, हे दोघांनी आपापल्या मनाने ठरवून टाकलं होतं. एकमेकांना विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

त्याचं नाव जोंगमुक. मासानला त्याचं पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप होतं. बायको चार वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन सोलला गेली होती. हे त्याने सांगितलं नाही, सुल्गीने सांगितलं. सुल्गीला सगळंच ठाऊक असायचं.

पुढचे शनिवार नीट आळीपाळीने चालले. म्हणजे भेट नाही. पण मार्गदर्शकाने केलेल्या सूचना एका वहीत लिहायच्या असा नियम होता, आणि ह्येरान प्रयोगशाळेत शिरली की आधी वही उघडायची. "वेल्ड बरे आहेत. मुलं उपाशी असतात, काहीतरी खायला आणावं," असं जोंगमुकने लिहिलेलं असायचं. त्याखाली ती लिहायची, "भाताचे रोल आणले. सरांसाठी दोन ठेवलेत, पण सर पुढच्या शनिवारी येणार म्हणून ते मीच खाल्ले." मुलं वही वाचून एकमेकांना कोपरं मारत. मारू देत. ह्येरानच्या एका खोलीच्या घरात रविवारी टीव्हीखेरीज कोणाचा आवाज नसे. आई जिनजूहून फोन करायची तो "जेवलीस का?" आणि "कोणी बघितलंस का?" एवढंच विचारायला. दोन्हींचं उत्तर तिला खोटंच द्यावं लागे. त्या वहीतल्या चार ओळींवर तिचे पंधरा दिवस निघत होते. इतकी का मी उपाशी, असं तिला कधीकधी स्वतःचंच आश्चर्य वाटायचं.

मुलं बनवत होती ती पर्सिमनच्या बागेतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांसाठी एक छोटी गाडी. वीस किलोची फळांची पेटी वर उचलून ट्रकच्या फाळक्यापर्यंत नेणारी. स्पर्धेची अट एकच: दोन म्हाताऱ्या माणसांना ती गाडी उचलता आली पाहिजे. चाळीस किलोच्या आत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांनी ती वजनकाट्यावर ठेवली. सत्तावन्न किलो!

सुल्गीने रडत दोघांनाही फोन केले. दोघं त्याच शनिवारी धावत आले.

"मी पेटी तीस किलोची धरली होती," ह्येरान म्हणाली. "सेफ्टी म्हणून."

जोंगमुकने कपाळाला हात लावला. "आणि मला वाटलं, मुलांनी वीसवरच गणित केलंय. म्हणून मी सगळीकडे जाड पत्रा लावला. सेफ्टी म्हणून."

"वहीत लिहायचं नाही का?"

"त्यात लिहायचं काय? कोणीही थोडं जादा धरतंच. तुम्ही तरी कुठे लिहिलंत?"

"आणि मोटर..." मागून ग्यूवॉन नावाचा एक लाजाळू मुलगा पुटपुटला, "मोटर आम्ही आमच्या मनाने एक नंबर मोठी घेतली."

सगळेच हसत सुटले, रडणारी सुल्गीसुद्धा.

"माझं काढा," जोंगमुक म्हणाला. "मॅडमचं राहू दे."

"तुम्ही माझं गणित तपासलंसुद्धा नाही."

"अक्षर बघतोय ना महिनाभर. एवढ्या नेटक्या अक्षराचं माणूस चुकत नाही."

"अक्षर चांगलं असलेली माणसं जास्त चुकतात, सर."

"मग चुकू. तुमच्याबरोबर चुकायला माझी हरकत नाही."

ह्येरानने मान खाली घालून पेन्सिलला उगाचच टोक काढलं. कान तापले होते.

दिवसभर पत्रा कापणं, मोटर बदलणं चाललं. दुपार कलल्यावर दोघं खाली यंत्राची कॉफी घेऊन पायरीवर बसले. समोर जिंकोच्या झाडांची पिवळी पानं पडत होती. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, असं तिला वाटलं.

"मला कंपनी पोलंडला पाठवतेय," ती म्हणाली. "जानेवारीपासून. तीन वर्षं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

तिला एवढंच हवं होतं की त्याने "नको" म्हणावं. अर्ध्या आवाजात, थट्टेत, कसंही. कोणीतरी एकदा तरी म्हणावं, थांब. ती थांबली असती.

जोंगमुकने कागदी कपातली कॉफी गोल फिरवली. "चांगली संधी आहे," तो म्हणाला. "जा तुम्ही."

"जाऊ?"

"न जाण्यासारखं... इथे काय आहे?"

"काही नाही," ह्येरान म्हणाली आणि कप चुरगाळून उठली.

त्या आठवड्यात रोज सकाळी तिने तो मेल उघडला आणि बंद केला. आपण कोण, चार ओळींच्या जिवावर आयुष्य ठरवणारे? गुरुवारी तिने होकार कळवून टाकला. साहेबांनी अभिनंदन केलं. संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा आई आधी रडली, मग म्हणाली, "तिकडे तरी कोणी भेटेल." जो भेटायचा होता तो इथेच भेटून गेला होता.

स्पर्धेचा दिवस महिनाअखेरीचा, कडक थंडीचा. कॉलेजच्या पटांगणात बागवाले एक आजोबा आणि त्यांची बायको उभी होती. दोघांनी मिळून गाडी उचलली. आजी म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्या नातवापेक्षा हलकी!" काटा एकोणचाळीसवर थांबला. तिसरा नंबर आला, पण मुलं पहिला आल्यासारखी नाचली. सुल्गीने ह्येरानला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मॅडम, पोलंडचं मी सरांना सांगितलं. म्हणजे तुम्ही हो म्हणालात ते. रागावू नका हं."

ह्येरान घाईने कोट घालून गेटकडे निघाली. निरोप घेण्याची तिची तयारी नव्हती.

"ह्येरान मॅडम!"

मागून जोंगमुक धावत येत होता. धाप लागली होती, मफलर एका बाजूला लोंबत होता.

"त्या दिवशी जा म्हणालो ना..." तो म्हणाला. "ते सेफ्टी म्हणून होतं. थांबा म्हणालो असतो आणि तुम्ही हसला असता तर, म्हणून."

"मी गुरुवारी होकार कळवला."

"माहीत आहे."

"मग आता का सांगताय?" तिचा आवाज चिरला. "आता काय उपयोग?"

"काहीच नाही. म्हणूनच धीर झाला. तुम्हाला अडवत नाहीये मी. फक्त... मला तुम्ही आवडता. वहीत तुमच्या ओळी नसतील तर शनिवार कसा काढायचा, मला कळत नाही. एवढंच सांगायचं होतं."

ह्येरानला त्याचा राग आला. एक आठवडा आधी! एक आठवडा आधी एवढं बोलला असता तर! आणि त्याच वेळी तिला खूप आनंदही झाला. तिने एवढ्या वर्षांत कोणाला काही मागितलं नव्हतं. मागितलं की नाही म्हणतात, म्हणून विचारायच्या आतच ती "काही नाही" म्हणून उठत आली होती. त्या पायरीवरूनही ती तशीच उठली होती. तोच एकटा भित्रा नव्हता.

तिने त्याच्या मफलरचं लोंबतं टोक धरून त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळलं.

"तीन वर्षं फार असतात," ती म्हणाली.

"असतात."

"तिथेही मी एकटीच जेवणार. तुम्ही इथे एकटे."

"हो."

"माझ्यासाठी थांबाल?"

जोंगमुकने होकाराची मान हलवली, एकदा, मग पुन्हा, मग हलवतच राहिला. आणि ह्येरान भर गेटात, सगळ्या कॉलेजसमोर, हसता हसता रडायला लागली.