खरेपणाचा एकच कप

"मला धीर देणारा चहा हवाय," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "आणि रविवारच्या आत हवाय."

मी चहाच्या दुकानात मिश्रणं बनवते. झोप यावी, घसा मोकळा व्हावा, असलं लोक नेहमी मागतात. धीर पहिल्यांदाच कुणीतरी मागितला. त्यात चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ते पुसायला शर्टाचं ओलंच टोक... मला हसू आवरेना.

"कुणाला द्यायचाय?"

"एका राक्षसाला. एरवी ते दंतवैद्य आहेत. पण त्यांना ड्रॅगनच्या गुहेत शिरायचंय."

मग उलगडा झाला. हा दर रविवारी दुपारी आपल्या मावशीच्या जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडायचा. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. मावशी दरोडेखोर, वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य राक्षस. हा सूत्रधार: गोष्ट पुढे नेणारा, आणि वाटेत भेटणारी बाकी सगळी माणसंही हाच. अडलं की फासे टाकायचे. त्याच्या खेळात जादूचे चहा होते, एक कप, एकदाच, प्यायला की संपला. आणि त्या टेबलाची रीत अशी, की सोंगाने चहा प्यायला तर खऱ्या माणसानेही खरा कप प्यायचा.

"आतापर्यंत धीरासाठी कॅमोमाइलच्या फुलांचा चहा देत होतो," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. "अहो, त्याने झोप येते! राक्षस दारातच घोरेल."

"तरीच गेल्या रविवारी घोरले..."

मी धूर दिलेल्या काळ्या चहात मिरी घालून दिली. रविवारी तो नीट उकळतोय ना, हे बघायला गेले. खोटं कशाला बोलू, त्याला बघायला गेले. मावशींनी मला एकदा निरखलं, खुर्ची ओढली आणि सोंगही देऊन टाकलं. मी वैदीण झाले.

पुढच्या रविवारांत 'अहो'चं 'अरे' कधी झालं कळलंच नाही. तो एकेका चहाचं कार्ड लिहायचा, दोन्ही बाजूंना नियम, आणि मी चव शोधायचे. लपण्याचा चहा फिका जमला, उडीचा पुदिन्याचा. खरेपणाच्या चहाने मात्र घाम काढला. तो पिणाऱ्याला एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यावंच लागायचं.

"खरेपणाची चव कशी असेल गं?" माझ्या हातातून किटलीचं झाकण घेत त्याने विचारलं. बोटं जराशी लागली...

"आधी कडू."

"आणि मग?"

"मग बघू," मी म्हणाले, आणि उगाचच किटलीत डोकावले.

तो एकुलता एक कप माझ्या वैदिणीच्या वाट्याला आला. सगळ्यांनी ठरवलं, हा खेळात शेवटी भेटणाऱ्या बर्फाच्या राणीसाठी जपायचा. तिने आपलं काळीज कुठे लपवलंय ते विचारायचं, नाहीतर आमची धडगत नव्हती. सहा आठवडे आम्ही तो जिवापाड जपला.

आणि सातव्या रविवारी कप मांडता मांडता मावशी बोलून गेल्या, "याला दुसऱ्या शहरातल्या खेळांच्या कंपनीने बोलावलंय. उद्या कळवायचंय, आणि पठ्ठ्या तोंड उघडत नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो फासे मोजत बसला होता. फासे दोनच होते.

खेळ सुरू झाला. राणीच्या महालाआधी एक सराई लागली आणि तो घोगऱ्या आवाजात सराईवाला झाला. "या पाव्हणं, काय हवंय?"

"माझी वैदीण सराईवाल्याला चहा देते," मी म्हणाले. "खरेपणाचा."

"अगं वेडे!" मावशी ओरडल्या. "राणीसाठी जपलाय तो!"

दंतवैद्यांनी डोकंच धरलं. पण रीत म्हणजे रीत. मी चहा केला. त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

"सराईवाल्या, तुला जायचंय?"

"जायचंय," घोगरा आवाज आला. "लहानपणापासून हेच काम करायचं होतं." मी किटली खाली ठेवली. मग तो आपल्या आवाजात बोलू लागला. "आणि पाय निघत नाही. मी रविवारची वाट बघतो ती खेळासाठी नाही... तुझ्यासाठी. हे बोललो असतो तर तुला वाटलं असतं, हा आपल्याला 'थांब' म्हणायला लावतोय. म्हणून गप्प बसलो."

मावशींनी हळूच माझ्यासमोरचं त्या चहाचं कार्ड उलटलं आणि वाचलं, "ओतणाऱ्यालाही एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वैदीणबाई, मागची बाजूही वाचायची असते."

सहा आठवडे कार्ड माझ्याजवळ होतं. मला मेलीला चहा हुंगण्यापुढे वाचायचं कुठे सुचलं!

"मग विचारतो," तो म्हणाला. "मी जाऊ?"

"जा," मी म्हणाले. "नाही गेलास तर मला राग येईल. गेलास की रडू येईल. मला तू आवडतोस. दुकानात चष्मा आणखी ओला करत होतास, तेव्हापासून. म्हणून जा... आणि जमेल त्या रविवारी ये. नाही जमलं तर मी येईन."

दंतवैद्य खाकरले. "छान झालं. पण आता राणीचं काय?"

राणीचं काय व्हायचं! काळजाचा पत्ता विचारायला चहाच उरला नव्हता. तिने दहा मिनिटांत आम्हा तिघांचे बर्फाचे पुतळे केले. सूत्रधाराला तिचे फासे डाव्या हाताने टाकावे लागले, कारण त्याचा उजवा हात मी सोडतच नव्हते.