चार बोटं जास्तीची तार

"पोरी, चार वाजता फौजदार येईन आनि लखनले घेऊन जाईन. त्याच्या आत मले सांग, हे त्यानं केलं का?"

कुंदाबाई चौधरी खाटेवरूनच बोलत होत्या. धुळ्याला त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. तिथे शेजारच्या खाटेवर दिपमालाची आई होती. खाजगी तपास करणाऱ्या दिपमालाला त्यांनी सावद्याला बोलावलं ते त्या ओळखीवर. सोबत तिचे मोतीलालमामा होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भाचीची गाडी चालवायची आणि तिचं डोकं चालताना आ वासून बघायचं, एवढंच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

प्रकार सोमवारचा. गुरुवारी कुंदाबाईंना तपासणीसाठी धुळ्याला न्यायचं होतं. घरातल्या जुन्या एस्टीम गाडीचे मागचे शॉकअप पार गेलेले. प्रत्येक खड्ड्याला कळ थेट बाईंच्या मणक्यात जायची. म्हणून त्यांचे यजमान शालिग्राम अंगणातच नवे शॉकअप बसवायला लागले. आयुष्यभर केळीच्या मळ्यातले पंप खोललेला माणूस, तो गॅरेजवाल्याकडे कशाला जातो? डावी बाजू झाली. उजव्या बाजूचा नट निघाला आणि स्प्रिंग उसळली. वरची लोखंडी वाटी कानशिलावर बसली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं.

मुलगा पियुष म्हणत होता, मळ्यात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदार लखन पावराने मुद्दाम तार ढिली बांधली. सुट्टी नाकारल्यावरून त्याच्या दोन दिवस आधी शालिग्रामआबांशी त्याची वाजली होती.

"तारेचा काय संबंध?" मामांनी विचारलं.

"स्प्रिंग दाबायचा शिकंजा नसला की लोक असंच करतात, मामा. डिक्कीत वजन टाकायचं, स्प्रिंग दबली की तारेने तीन ठिकाणी आवळायची, मग गाडी जॅकवर घेऊन शॉकअप काढायचा. तार घट्ट असली तर स्प्रिंग उसळत नाही."

पंचनाम्यानंतर गॅरेजवाल्याने उजवी बाजूही बसवून गाडी चाकांवर उभी केली होती. तारा मात्र ओट्यावरच पडलेल्या. डावीकडच्या तीन, काम झाल्यावर कापलेल्या. उजवीकडच्या तीन, न तुटलेल्या. दिपमालाने त्या शेजारी शेजारी लावल्या. उजवीकडची प्रत्येक तार चार बोटं लांब भरली. पण पीळ सगळ्यांचे एकाच बाजूला, उलटे.

"अक्का, आबा डावखुरे होते का?" तिने खिडकीतून कुंदाबाईंना विचारलं.

"व्हय ना. जेवाले बसले का सासू बोंबले त्याहीच्या नावानं."

मग तिने लखनला फाटकाची कडी तारेने बांधून मागितली. त्याने बांधली. पीळ सुलटा होता.

"डिक्कीत कोण बसलं होतं, लखन?"

"मीच."

"दोन्ही वेळा? एकटा?"

"हा बाई. एकटाच." तो अंगठ्याने माती उकरत राहिला. पन्नास किलोचाही नसेल तो, असं मामांना वाटलं.

पियुष जळगावला पाइपच्या कंपनीत होता. रडून डोळे सुजलेले. "अकराला हे झालं. मी पोचलो साडेअकराला. मला वाटेतच फोन आला." मग त्याने बाहीने डोळे पुसले. "केवढी घाई आबांना! डावी बाजू झाली, चहा आला, कपात माशी पडली. दुसरा मागवला नाही. तसेच उजवीकडे वळले." मामांच्याही डोळ्यांत पाणी आलं. असा बाप आपल्यालाही होता, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दिपमालाने लखनला डिक्कीत बसवलं आणि स्प्रिंगवर तार धरली. लांब तार बरोब्बर बसली. मग ती म्हणाली, "मामा, तुम्हीही बसा." मामा बसले तशी गाडीने बूड टेकलं. आता आखूड तार बसली.

"माले तं काहीच समजनं नही," मामा उतरता उतरता म्हणाले.

साडेतीनला तिने सगळ्यांना कुंदाबाईंच्या खाटेपाशी बोलावलं.

"तारा लखनने बांधल्याच नाहीत. पीळ डावखुऱ्या हाताचे आहेत. सहाही तारा आबांनी स्वतः आवळल्या, आणि घट्टच आवळल्या. फक्त उजवीकडे स्प्रिंग पुरती दबलेलीच नव्हती, म्हणून तार लांब राहिली आणि नट निघताच स्प्रिंग तेवढी उसळली. डावी बाजू बांधताना डिक्कीत दोन माणसं होती, उजवीच्या वेळी एकच उरला. आबा चाकामागे वाकलेले, त्यांना डिक्की दिसत नव्हती. मग उतरलं कोण? साडेअकराला आलेल्या माणसाला चहातली माशी कशी दिसली, पियुषभाऊ?"

पियुष भिंतीला टेकून खाली बसला.

"कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. मी दोन मिनिटांसाठी उतरलो. आबांनी विचारलं, बसला का रे पियुष? आणि मी... मी हो म्हणालो. फोनवर बोलता बोलता नुसतं हो म्हणालो." त्याने तोंड झाकून घेतलं. "मारायचं नव्हतं मला, आई. मग भीती वाटली. सगळे लखनकडे बघत होते."

"आणि तू गप्प का राहिलास?" मामा लखनवर ओरडलेच.

"अक्काचा मालक गेला," लखन हळू म्हणाला. "पोरगा पण मी न्यायचा का?"

कुंदाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "ही खिडकी उघडीच व्हती. त्याही‌नं इचारलं, यानं हो म्हनलं. नऊ महिने पोटात ठेवलं, याचा आवाज मी ओयखनार नाही का?"

"मग मला कशाला बोलावलंत, अक्का?" दिपमालाने विचारलं.

"माह्या कानाले कोनीतरी खोटं पाडीन म्हनून, पोरी."

मामांना हुंदका आवरला नाही. आपली भाची आज चुकली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं.

बाहेर जीप थांबली. डॉक्टरांनी उठायला मनाई केली होती, तरी कुंदाबाई उठल्या. एका हाताने त्यांनी लखनचा खांदा धरला, दुसऱ्या हाताने पियुषचं मनगट, आणि पाय ओढत दारापर्यंत गेल्या.

"साहेब, या पोराले काही सांगायचं हाय तुम्हाले," त्या फौजदारांना म्हणाल्या, आणि पियुषचं मनगट सोडलं.