रिकाम्या पाकिटांचा माग

आखाडा बाळापूरच्या बाजारात, पानटपरीच्या मागं, मॉर्फिनच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली आणि दुपारच्या आत डॉक्टर नीलांबरींच्या दवाखान्यातल्या औषधाच्या कपाटाला लाखेचं सील लागलं. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन देणारा त्या टापूत तेवढा एकच दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी हिंगोलीहून अनुश्रीला बोलावून घेतलं.

अनुश्री खाजगी तपास करायची. सोबतीला बंडूकाका, निवृत्त हवालदार. गाडी माझी, डोकं ताईचं, असं तेच सांगत. आज मात्र काकांचं मन या कामात नव्हतं. अफूच्या जातीचं औषध वाटणाऱ्या बाईची बाजू आपण काय म्हणून घ्यायची?

"ताई, आग असल्याबिगर धूर निघत न्हाई," ते वाटेत म्हणाले.

"धूर कोण करून राहिलंय, ते तर बघू."

दवाखान्यात बाकावर सुमनबाई आडव्या पडल्या होत्या. जबड्याचा कॅन्सर. सकाळची गोळी शेवटची होती, पुढची सीलबंद कपाटात. नवरा उकंडराव उपरण्यानं वारा घालत होता. बाई कण्हायच्या, मग पदर तोंडात कोंबायच्या. काकांनी नजर दुसरीकडे वळवली.

औषध देखरेख कक्षाचे उत्तमराव टेबलाशी बसले होते. बगलेत लाल टॅगची जाडजूड फाईल. त्यांनी सापडलेली पाकिटं पुढं सारली.

"नंबर याच दवाखान्याचे. गोळ्या बाजारात विकल्या, दुसरं काय?"

अनुश्रीनं एकेक पाकीट उजेडात धरलं. प्रत्येकाचा एक कोपरा कापलेला. कडेला दोन गोल भोकं.

"टपरीवाल्यानं खिळ्याला अडकवली असतील," काका म्हणाले.

"बराबर!" उत्तमराव लगेच म्हणाले.

अनुश्रीनं पाकीट खाली ठेवलं. ती नर्स प्रियंकाकडे वळली. "गोळ्या कोण देतं?"

"मीच. रिकामं पाकीट आणल्याबिगर नवं देत न्हाई. या साहेबांचाच नियम हाय."

तेवढ्यात उकंडरावानं खिशातून सकाळचं रिकामं पाकीट काढून पुढं केलं. प्रियंकानं सवयीनं ते घेतलं, कात्रीनं कोपरा उडवला आणि पाकीट पत्र्याच्या डब्यात टाकलं.

"या डब्याचं पुढं काय होतं?"

"भरला की हेच साहेब घेऊन जातात. हिशोबाला."

"उकंडराव, तुम्ही गोळ्या विकल्यात, असा यांचा संशय आहे."

म्हातारा उसळलाच. "इकल्या असत्या तर ही रातची निजली असती का? अन् रिकामं पाकीट म्या टपरीमागं काहून टाकीन, बाई? ते देल्याबिगर दुसरं मिळत न्हाई. म्या ते नोटीवानी जपतो!"

"आणि डॉक्टर, तुमच्यावर यांचा राग कशाचा?"

"मला गोळ्या कमी करायला सांगितलं होतं," नीलांबरी म्हणाल्या. "मी केल्या नाहीत. दुखणं कमी झालं की गोळी कमी होईल. साहेबांच्या सोयीनं नाही."

"आम्हाला काय हौस आहे?" उत्तमराव चिडले. "रोग्यांचे फोटो घ्या, अंगठे घ्या, घरोघर जा. एवढं करून एकही चोर न सापडता अहवाल निरंक गेला, की वरून विचारतात, झोपला होता का?"

अनुश्रीनं पत्र्याचा डबा उचलून टेबलावर उपडा केला.

"या गोळ्या चोरून विकल्या असत्या, तर पाकिटांचे कोपरे शाबूत असते. कोपरा कापला जातो तो पाकीट इथं परत आल्यावर. म्हणजे गोळ्या रोग्यांच्याच पोटात गेल्या. बाजारात गेली ती नुसती पाकिटं."

"मग या डब्यातूनच कुणी तरी उचलली," उत्तमराव म्हणाले.

"बघा ना. डब्यातल्या सगळ्यांचे कोपरे कापलेत. भोक मात्र एकालाही नाही. खिळ्यानं एकच भोक पडतं, तेही फाटकं. ही दोन आहेत, गोल, सगळ्या पाकिटांना सारख्याच अंतरावर. काका, अशी भोकं कशानं पडतात?"

काकांची निम्मी नोकरी कागद लावण्यात गेली होती. "पंचिंग मशीननं. फाईलला टॅग घालाया..."

बोलता बोलता ते थांबले. उत्तमरावांनी बगलेतली फाईल आवळून धरली होती. काकांनी ती हळूच, पण हवालदारी हातानं काढून घेतली. आत कोपरे कापलेली पाकिटं टॅगला ओवलेली होती. टपरीमागचं एक पाकीट अनुश्रीनं त्यांवर ठेवलं. भोकावर भोक नेमकं बसलं.

"टॅग सोडवलात, पाकिटं काढून टपरीमागं टाकलीत, भोकं तेवढी विसरलात. अहवालात दाखवायला तुम्हाला चोर पाहिजे होता ना, साहेब?"

उत्तमरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "माझीच चौकशी लागणार होती," ते पुटपुटले. मग एकदम सावरून म्हणाले, "काही असो. वरून हुकूम येईपर्यंत सील राहणार. तोडणं गुन्हा आहे."

बाकावरून सुमनबाईंची किंकाळी आली. पदर तोंडातून सुटला होता.

काकांनी या वेळी नजर वळवली नाही. एवढा वेळ आपण संशय घेतला तो कुणावर, याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त आला.

नीलांबरींनी प्रियंकाच्या हातातली कात्री घेतली आणि सील तोडलं. "गुन्हा माझ्या नावावर लिहा," त्या म्हणाल्या. "गोळी सुमनबाईंच्या नावावर."

उत्तमराव झेपावले. काका मधे उभे राहिले; त्यांच्यामागं नीलांबरींनी सुमनबाईंना गोळी दिली.

"हवालदार! तुम्ही साक्षीदार आहात!"

"व्हय साहेब, म्या सारं बघितलं," बंडूकाका म्हणाले. "बाईला तकलीफ होती, डॉक्टरीणबाईनं गोळी देली. बोलवा कोर्टात. हेच सांगीन."