चार बोटं सैल

पाण्याने भरलेल्या त्या गुहेचं पलीकडचं टोक गाठायला आम्ही निघालो होतो. निघालो होतो म्हणजे, दरवर्षीसारखे पुन्हा एकदा निघालो होतो. दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, ठाम मत होतं की तो बोगदा पलीकडे एका कोरड्या दालनात उघडतो. त्या दालनात डोकं वर काढून एक श्वास घ्यायचा, एवढ्यासाठी त्याने अर्धं आयुष्य खर्ची घातलं होतं, आणि आमच्या सगळ्या सुट्ट्या! यंदा मात्र त्याच्या कानाने दगा दिला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला कायमची बंदी घातली. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून दादाने ती बंदी खिशात टाकली आणि वहिनीला नि मला पुढे पाठवायचं ठरवलं.

वहिनी दवाखान्यात नर्स, मी इलेक्ट्रिशियन. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. भाड्याच्या खोलीत फरशीभर हवेचे सिलिंडर आडवे पडलेले, एकुलत्या एका पलंगावर दिवे आणि बॅटऱ्या, आणि आम्ही तिघं उरलेल्या जागेत अंग मुडपून झोपायचो. हवा भरायचा कंप्रेसर दोनदा बंद पडला. सिलिंडर उतारावरून खाली वाहून नेताना माझं कंबरडं मोडलं. खरं सांगायचं तर पाण्यात शिरण्याआधीच मी दमलो होतो, आणि कोरड्या दालनापेक्षा कोरडी गादी मला जास्त हवी होती.

आमच्या पद्धतीत सिलिंडर पाठीवर नसतात, दोन्ही कुशींना असतात, म्हणजे अरुंद फटीतून सरकता येतं. लांब जायचं तर त्यांच्या जोडीला जादा सिलिंडर न्यावे लागतात. प्रत्येक सिलिंडरच्या मानेशी एक कडी आणि खाली त्याच्याभोवतीच्या पट्ट्याला दुसरी. वरची छातीशी अडकवायची, खालची कमरेला. माझ्या सिलिंडरचे पट्टे नि कड्या मी बांधायचो, आणि वहिनी तिचे नेहमीचे दोन स्वतःच बांधायची. जादा सिलिंडर न्यायचं काम आजवर दादाचं, म्हणून वहिनीच्या वाट्याला आलेले जादा दोन यंदाही त्यानेच बांधले. एकदा उथळ पाण्यात लावून बघू, असं वहिनी म्हणालीही होती.

“मी बांधलंय ना?” दादा म्हणाला.

त्याने बांधलेलं आजवर कधी सुटलं नव्हतं. शिवाय पुन्हा ओझी वाहायची कोणाची हिंमत होती! आम्ही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो.

सुरुवातीचं पाणी नितळ होतं. दादाने पूर्वी ताणून ठेवलेली पांढरी दोरी दिव्याच्या उजेडात पुढेपुढे जात होती, आणि आम्ही तिच्या बाजूने, छताला न लागता, तळाला न शिवता, हळूहळू पाय मारत होतो. तळाशी पिठासारखा मऊ गाळ असतो. तो एकदा उठला की तासन्‌तास बसत नाही. वहिनीच्या मागे राहून तिच्याकडे बघणं हे माझं काम होतं, आणि थोड्याच वेळात मला काहीतरी खटकलं. तिचे जादा सिलिंडर कुशीला चिकटून नव्हते. पोटाखाली लोंबत होते, आणि त्यांची बुडं तळावरून नांगरासारखी जात होती. तिच्या मागे गढूळ ढग उठत होते. मी दिवा हलवून खूण केली. तिने कड्या चाचपल्या. सगळ्या नीट लागलेल्या! आम्ही पुढे गेलो.

मग फट आली. अंग आडवं करून, श्वास आवरून जायचं. वहिनी शिरली. अर्ध्यावर थांबली. लोंबता सिलिंडर दगडात अडकला होता! तिने मागे रेटा दिला. सुटेना. तिच्या श्वासाचे बुडबुडे भराभर सुटायला लागले. मी हात घातला, बूड वर उचललं, ढकललं! खरखर आवाज झाला आणि ती पलीकडे गेली. मी तिच्या मागोमाग शिरलो तेव्हा माझा जीव माझ्या मुठीत होता.

पलीकडे गाळ नव्हता. समोर, छत जिथे वर चढत होतं तिथे, डोक्यावर चकचकीत आरसा हलत होता. खालून बघितलं की पाण्याचा पृष्ठभाग असाच दिसतो. म्हणजे वर हवा होती! दादा बरोबर होता! पाच-दहा वेळा पाय मारले असते तर मी पोचलो असतो. सगळा शिणवटा पळाला, मी वहिनीकडे वळलो, आणि तिने मला तिच्या हवेच्या मीटरचा काटा दाखवला.

आमचा हिशेब सोपा असतो. हवेचा एक भाग जायला, एक यायला, एक संकटाला. वहिनीचा जायचा भाग संपून काटा खाली उतरला होता. तिने मुठीतून अंगठा वर केला. अंगठा वर म्हणजे परत. तो कोणीही दाखवावा आणि कोणी कारण विचारू नये, हा दादानेच घालून दिलेला नियम. मला तिचा राग आला, हे मी लपवत नाही. पण मी वळलो.

परतीच्या वाटेवर आम्हीच उठवलेला गाळ आमची वाट बघत होता. फटीतून बाहेर आलो आणि हाताचा पंजा दिसेना. एका हाताने दोरी, दुसऱ्याने वहिनीचा पाय. मग पाय थांबला. दोरीने तिच्या लोंबत्या सिलिंडरला विळखा घातला होता! मी तिच्या अंगाला चिकटून अंधारात चाचपत गेलो. पट्टा, दोर, कडी, कंबर. सिलिंडर आणि तिची कूस यांच्यामधल्या पोकळीत माझी चार बोटं आडवी गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दादा ताडमाड उंच, वहिनी जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. त्याच्या छातीपासून कमरेपर्यंतचं अंतर तिच्या अंगावर कुठून येणार? त्याने ते सिलिंडर स्वतःच्याच मापाचे बांधले होते.

विळखा सोडवला. पुढची सगळी वाट मी एक हात दोरीवर ठेवून दुसऱ्याने ते बूड तिच्या कुशीशी दाबून धरलं. खांदा भरून आला, बोटं बधिर झाली. गुहेच्या तोंडाजवळच्या उथळ पाण्यात शरीरातला दाब उतरेपर्यंत ताटकळावं लागलं तेव्हा वहिनी दगडाला धरून डोळे मिटून होती. मी दादाला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होतो.

दादा काठावर वाकून बसला होता.

“आहे वर हवा,” वहिनी तोंडातली नळी काढून म्हणाली. “आम्ही बघितली. गेलो नाही.”

“का?”

“मी दमले.”

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

दादा तिचे सिलिंडर उतरवायला लागला. जादा सिलिंडर हातात आला आणि तो थबकला. बुडाला पट्ट्यापर्यंत चिखल थापला होता. त्याच्या स्वतःच्या सिलिंडरला आजवर चिखलाचा डाग लागला नव्हता. त्याने पट्ट्यावर हात ठेवला, मग वहिनीच्या कमरेकडे बघितलं, आणि त्याचं तोंड उतरलं. मला त्याला सुनवायची गरज उरली नाही, आणि इच्छाही.

“तुझ्यासाठी बांधायला बसलो होतो गं,” तो म्हणाला. “पण मनात मीच जात होतो.”

“माहीत आहे मला,” वहिनी म्हणाली.

“उभी राहा जरा. हात वर कर.”

तिला उभं राहवत नव्हतं. ती माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली. दादाने पट्टा ढिला केला, सिलिंडर तिच्या कुशीला लावला आणि पट्टा वर सरकवला. इथे? ती म्हणाली, अजून. दुसराही तसाच केला. मला वाटलं, झालं. पण तो गाडीकडे गेला आणि मागच्या फळीवरून आणखी दोन सिलिंडर घेऊन आला. ते त्याचे स्वतःचे होते, भरलेले, कड्या लावून तयार ठेवलेले. बंदी असताना ते त्याने बरोबर का आणले हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

त्यातल्या पहिल्याचा पट्टा त्याने सोडवून तिच्या मापाचा केला. त्याच्या मापाच्या उरलेल्या शेवटच्याला मात्र त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर वहिनी हात वर धरून उभी होती.