कल्लप्पाकाकांची लाईट

खोटं वाटत असेल तर अक्कलकोट रोडला आमच्या शेतावर या. पण दिवसा या.

मी सिद्धेश्वरी, कॉलेजात फिजिक्स शिकवते. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मीच झापायची. यंदा जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा भरली, तोपर्यंत.

शेतातल्या पत्र्याच्या खोलीत माझी दुर्बीण आहे. लांब कुठंतरी तारा फुटून गॅमा किरणांचा भडका उडाला की मोबाईलवर अलर्ट येतो. स्फोटामागं उरलेला उजेड काही तासांत विझतो. त्याआधी फोटो घ्यायचे. चुकलं तर कायमचं चुकलं.

शेजारचे कल्लप्पाकाका त्यासाठी अंगणातली लाईट बंद करायचे. मी बॅटरी दोनदा चमकवायची, ते बटण दाबायचे. मग माझं होईस्तोवर बांधाच्या दगडावर अंधारात बसायचे. तिथंच पेंगायचे. शेवटी मी जाऊन खांद्याला हात लावायची, "झालं, काका." तेव्हा कुठं लाईट लावून झोपायला जायचे.

दिवाळीत काका गेले.

त्यांच्या पोरानं, मंजुनाथनं, तिथं भलामोठा हॅलोजन लावला. थेट माझ्या दुर्बिणीच्या तोंडावर!

यात्रेच्या आठवड्यात अलर्ट आला. मी फोन केला. "मंजुनाथ, तासभर बंद कर रे."

"तुमच्या चांदण्यापायी आमी अंधारात बसायचं व्हय, ताई?"

फोन कट.

डोकंच फिरलं माझं! बॅटरी उचलली आणि त्याच्या घरावर दोनदा मारली. घे मेल्या!

...लाईट गेली.

वाटलं, आली एकदाची अक्कल. भराभर फोटो घेतले. ठिपका सापडला!

आणि दगडाकडून खोकला आला... काकांचाच.

आतून कडी लावली. पहाटेपर्यंत हलले नाही. ठिपका विझला, खोकला चालूच.

सकाळी मंजुनाथ भांडायला आला. "लाईटीला काय केलंत?" त्यानं बटणाला हातच लावला नव्हता.

त्यानं बल्ब बदलला, वायर बदलली. घरातलं सगळं लागतं, तेवढी लाईट लागत नाही. आणि रोज रात्री खोकला...

परवा अंधार पडल्यावर हात जोडून आला. "ताई, अप्पा अजून वाट बघायलेत. खांद्याला हात लावून 'झालं, काका' म्हणा की."

असा संताप आला! तासभर लाईट बंद केली असती, तर त्या म्हाताऱ्याला उठून यावं लागलं असतं का?

"तू जा," मी ओरडले. "बाप तुझा आहे!"

शेवटी दोघंही बांधावर जाऊन उभे राहिलो. दगडावर कोणीच दिसत नव्हतं.

खोकला थांबला... ऐकत असल्यासारखा.

मंजुनाथ पुढं गेला नाही. मीही नाही.